सात क्यूबचा बाटला आणि वीस बारचा वाद

रबाळे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटने जानेवारीत गॅस एजन्सीचं बिल अडवलं. युनिट लहान आहे. डेअरी आणि औषध कंपन्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपलाइनी बनवतात, म्हणजे जवळजवळ सगळं काम आर्गन वेल्डिंगचं. शेडच्या कोपऱ्यात आर्गनचे निळे बाटले साखळीने बांधून उभे असतात. नवा बाटला आला की स्टोअरचा मुलगा त्यावर रेग्युलेटर चढवतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि काट्यावरचा आकडा वहीत लिहितो. ही शिस्त मालकाने स्वतः लावलेली, आणि वादाला तोंड फुटलं तेही त्या वहीतूनच.

मे महिन्याच्या पानावर आकडे होते १६०, १५८, १६० बार (बार म्हणजे दाबाचं माप, एक बार साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा). जानेवारीच्या पानावर १४०, १४२, १४०. एजन्सी तीच, भाव तोच, चलनावर दर वेळी 'आर्गन, ७ घनमीटर' असंच लिहिलेलं, बाजाराच्या भाषेत सात क्यूब. मालकाने गणित मांडलं: १६० पैकी २० बार गेले, म्हणजे आठवा हिस्सा. सात क्यूबमधला जवळपास एक क्यूब दर बाटल्यामागे कमी. त्यांनी एजन्सीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "शेठ, थंडीत काटा कमीच दाखवतो."

उत्तर बरोबर होतं, पण त्यात आकडा नव्हता. आकड्याशिवायचं स्पष्टीकरण व्यवहारात सबबीसारखं ऐकू येतं. मालक गप्प बसणाऱ्यातले नाहीत. त्यांनी उलट विचारलं, "मे महिन्यात ४३ अंश होते, आता सकाळी १७ आहेत. तापमान निम्म्याच्याही खाली आलं. तुमचं खरं असेल तर काटा ६३ वर यायला हवा होता. तो १४० वरच का थांबला?" एजन्सीच्या माणसाकडे याचं उत्तर नव्हतं. बिल अडलं. युनिटचं गुणवत्तेचं कागदपत्र मी बघतो, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

मालकाचा प्रश्न कुणाला हसण्यासारखा वाटेल, पण मला तो या प्रकरणातला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. वायूचा दाब तापमानाच्या प्रमाणात बदलतो हे त्यांनी गृहीत धरलं होतं आणि ते बरोबरच होतं. फक्त शून्य चुकीच्या जागी होतं. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठण्याची खूण, वायूला तिच्याशी काही देणंघेणं नाही. वायूचं शून्य उणे २७३ अंशांवर आहे. तिथून मोजलं तर मे महिन्यातली दुपार ३१६ केल्विन आणि जानेवारीतली सकाळ २९० केल्विन. फरक निम्म्याचा नाही, जेमतेम आठ टक्क्यांचा.

मालकांची मुलगी अकरावी सायन्सला, ठाण्यात कॉलेजला जाते. तिने वहीच्या मागच्या पानावर लगेच गणित केलं. बंद बाटल्याचं आकारमान बदलत नाही, म्हणून दाब आणि केल्विनमधलं तापमान यांचं गुणोत्तर कायम राहतं. काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो, म्हणून त्यात एक मिळवून १६१. त्याला २९० ने गुणलं, ३१६ ने भागलं: १४८ च्या आसपास. एक वजा करून काट्यावर १४७.

"बाबा, थंडीमुळे १३ बार कमी होतात. उरलेल्या सातचा हिशेब लागत नाही."

वाद मिटायचा तो आणखी ताणला गेला. आता मालकांच्या हातात पाठ्यपुस्तकातलं सूत्र होतं आणि सूत्र म्हणत होतं की सात बारचा गॅस खरोखर कमी आहे.

इथे जरा थांबून बघायला हवं की हे 'सात क्यूब' आहेत तरी कुठे. बाटल्याच्या खांद्यावर पाण्याची क्षमता कोरलेली असते. या बाटल्यांवर ती ४६.७ लिटर होती. म्हणजे आतला गॅस ४६.७ लिटर जागेतच असतो, मे असो की जानेवारी. सात घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर, हे आकारमान त्याच गॅसला साध्या वातावरणीय दाबाखाली आणि ठरावीक तापमानाला मोकळं सोडलं तर भरेल ते. हे ठरावीक तापमान आपल्याकडे १५ अंश धरलं तर हिशेब जमतो. बाटल्याचा कामाचा दाबही गॅस सिलिंडर नियमांत १५ अंशांनाच सांगितलेला आहे. ७,००० ला ४६.७ ने भागा, बरोबर १५० येतात. सतराव्या शतकात बॉइलने दाब आणि आकारमानाचं जे व्यस्त नातं मांडलं, त्यावरून '१५० बारचा बाटला म्हणजे सात क्यूब' हे समीकरण बाजारात रुळलं आहे.

पण तोच गॅस शेडमध्ये मोकळा सोडला तर सात क्यूब भरत नाही. दाब कायम असताना आकारमान केल्विनच्या प्रमाणात वाढतं. हा चार्ल्सचा नियम, गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये प्रसिद्ध केलेला. मे महिन्यात पत्र्याखाली ४० अंश असताना तो ७.६ घनमीटर होईल, जानेवारीच्या सकाळी १७ अंशांना ७.०५. अणू तितकेच, वजन तितकंच, आकारमान मात्र अर्ध्या क्यूबहून जास्त इकडेतिकडे. म्हणून तापमान न सांगता 'क्यूब' या शब्दावर पैसे देणं-घेणं म्हणजे दोघांनीही अर्धवट बोलणं आहे.

आता त्या सात बारकडे. आर्गन हा राजवायू. हवेत तो सुमारे ०.९३ टक्के असतो, कुणाशी संयोग करत नाही, आणि वितळलेल्या स्टीलभोवती प्राणवायूला फिरकू देत नाही, म्हणूनच वेल्डिंगला वापरतात. रॅले आणि रॅमसे यांनी १८९४ मध्ये तो वेगळा ओळखला. कुणाशी संयोग न करणाऱ्या, एकेकट्या अणूंच्या या वायूला आदर्श वायूचे नियम तंतोतंत लागू पडतील असं वाटणं साहजिक आहे, आणि साध्या दाबाला ते बऱ्यापैकी लागूही पडतात. घोटाळा होतो तो १५० बारला. रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असणं आणि आदर्श वायू असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आर्गनचे अणू इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करत नाहीत, पण एकमेकांना किंचित ओढतात. ती ओढ नसती तर उणे १८६ अंशांना आर्गन द्रव झालाच नसता.

साध्या वातावरणीय दाबाला आर्गनच्या दोन शेजारी अणूंमधलं सरासरी अंतर साधारण ३.४ नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या स्वतःच्या व्यासाच्या दहापट. इतक्या लांबून ओढ जाणवत नाही. भरलेल्या बाटल्यात हेच अंतर ०.६४ नॅनोमीटरवर येतं, व्यासाच्या दुपटीलाही जरा कमी. आता गर्दीतल्या माणसांसारखी त्यांना शेजाऱ्यांची दखल घ्यावीच लागते. भिंतीकडे निघालेल्या अणूला मागचे अणू थोडं खेचून धरतात, त्यामुळे भिंतीवर आदर्श सूत्र सांगतं त्याहून कमी दाब पडतो. व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये वायूच्या समीकरणात जी दुरुस्ती केली त्यातला एक भाग या ओढीचा, दुसरा अणूंच्या स्वतःच्या आकाराचा.

या प्रकरणात महत्त्वाची आहे ती पुढची पायरी. ही ओढ गरम गॅसमध्ये कमी जाणवते, थंड गॅसमध्ये जास्त. अणू वेगात असतील तर शेजाऱ्याची ओढ त्यांना फारशी अडवत नाही. वेग मंदावला की अडवते. म्हणून बाटला थंड झाला की दाब दोन कारणांनी उतरतो: एक, अणूंची धडक सौम्य झाली, हे मुलीच्या सूत्रात होतं, दोन, मागे खेचणारी ओढ जास्त लागू पडली, हे सूत्रात नव्हतं. सात क्यूबच्या भरलेल्या बाटल्यात आदर्श सूत्राप्रमाणे एका अंशाला सुमारे अर्धा बार फरक पडायला हवा. खऱ्या आर्गनचे गुणधर्म घेऊन गणित केलं तर तो एका अंशाला सुमारे ०.७ बार पडतो. २६ अंशांच्या फरकाला १८ बार.

म्हणजे ४३ अंशांना १६० दाखवणाऱ्या बाटल्याने १७ अंशांना १४२ च्या आसपास दाखवायला हवं. वहीत १४० होते. उरले दोन बार. रेग्युलेटरचा गेज ३१५ बारच्या तबकडीचा, अडीच टक्के अचूकतेच्या वर्गातला. त्यात पूर्ण तबकडीच्या अडीच टक्के, म्हणजे आठ बारपर्यंतची चूक गृहीतच धरलेली असते. शिवाय खुणा दहा-दहाच्या. दोन बारवरून भांडायचं तर आधी काटा बदलावा लागेल.

मालक म्हणाले, "सर, हे सगळं कागदावर झालं. मला गॅस दाखवा."

रास्त मागणी. आणि आर्गनच्या बाबतीत ती पुरी करता येते, कारण आर्गन वजनदार आहे. १५ अंशांना आणि वातावरणीय दाबाला एका घनमीटरचं वजन १.६९ किलो. सात क्यूब म्हणजे ११.८ किलो. वजनाला तापमान लागत नाही, दाब लागत नाही, ओढ लागत नाही. प्रश्न वजनकाट्याचा होता. ठाणे-बेलापूर रोडवरचे धर्मकाटे ट्रक तोलणारे, त्यांना दहा किलोखालचं काही दिसत नाही. शेजारच्या गाळ्यातल्या भंगारवाल्याकडे मात्र शंभर ग्रॅमची खूण दाखवणारा प्लॅटफॉर्म काटा होता. तिथे बाटला उभा करायला दोन माणसं लागली. टोपी काढून, रेग्युलेटर न लावता, भरलेला बाटला ६७.९ किलो. तोच बाटला संपल्यावर ५६.२. फरक ११.७.

मालकाने लगेच बोट ठेवलं, "शंभर ग्रॅम कमीच आहेत." पण रिकामा म्हणतात तो बाटला खरा रिकामा नसतो. वेल्डर काटा दोनवर आला की बाटला उतरवतो, तसा तो उतरवावाही. तळापर्यंत ओढला तर बाहेरची दमट हवा आत शिरते आणि पुढच्या भरणीत वेल्डला छिद्रं पडतात. काट्यावरचे दोन म्हणजे प्रत्यक्षात तीन बार, ४६.७ लिटर जागेत. हा उरलेला आर्गन सुमारे २०० ग्रॅमच्या वर भरतो. तो धरला तर बाटल्यात आले होते ११.९ किलो. एजन्सीने पूर्ण सात क्यूब दिले होते, थोडे जास्तच.

याच गणिताची दुसरी बाजू मालकांना जास्त झोंबली. मे महिन्यातले १६० पाहून ते खूश होते, कारण बाटला १५० बारचा म्हणून घ्यायचा आणि मिळतात १६०. समजा एखाद्या एजन्सीने तापमानाकडे न बघता ऐन उन्हात काटा १५० ला पोचताच भरणी थांबवली. ४३ अंशांना १५० बार म्हणजे जेमतेम ६.६ घनमीटर. तोच काटा २० अंशांना १५० वर थांबवला तर ७.३ घनमीटर. ग्राहकाच्या वहीत दोन्ही वेळी '१५०' लिहिलं जाईल आणि दोन्ही वेळी तो समाधानी असेल. गंडवणूक होणारच असेल तर ती जानेवारीतल्या १४० मध्ये नाही, मे महिन्यातल्या १५० मध्ये लपेल. त्यात भरणीच्या वेळी गॅस दाबला जाऊन स्वतःही तापतो, त्यामुळे नुकताच भरून आलेला बाटला हाताला कोमट लागत असेल तर त्या क्षणीचा आकडा आणखी फुगलेला असतो. बाटला रात्रभर सावलीत ठेवून सकाळी वाचलेला आकडा दुपारी टेम्पोतून उतरताना वाचलेल्यापेक्षा केव्हाही भरवशाचा.

बिल सुटलं. प्रकरण तिथेच संपलं असतं, पण मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली. ते या युनिटमधले सर्वांत जुने वेल्डर. "काटा राहू द्या, पण हल्ली बाटला लवकर संपतो हे मला कळतं." मिनिटाला दहा लिटर प्रवाह धरला तर सात क्यूब साधारण पावणेबारा तास टॉर्च पेटती ठेवतात. मिस्त्रींना ते तेवढे मिळत नव्हते. वजनाने एजन्सी सुटली होती, तेव्हा गॅस जायचा तर युनिटच्या आतच कुठेतरी जात होता.

सध्या लावलेल्या बाटल्याचा काटा संध्याकाळी काम थांबताना ९६ होता, शेडमध्ये ३३ अंश. सकाळी आठला ८४, आणि १८ अंश. स्टोअरच्या मुलाने आता नवं शिकलेलं उत्तर दिलं, "थंडीमुळे."

इथे नियमाने उलटी साक्ष दिली. बाटला अर्ध्याच्या वर भरलेला असताना आर्गनचा दाब एका अंशाला सुमारे ०.४ बार बदलतो. गर्दी कमी झाली की ओढही कमी लागते. रात्रीत १५ अंश उतरले, म्हणजे सहा बार. थंडीने ९६ चे ९० करायला हवे होते. काटा ८४ होता. मधले सहा बार गॅसचेच होते: बाटल्याच्या बाहेर, मोकळ्या हवेत, सुमारे ३०० लिटर. एका रात्रीत अर्ध्या तासाचं वेल्डिंग. आणि रात्री व्हॉल्व्ह बंद करायची सवय कुणालाच नव्हती. "सकाळी पुन्हा उघडायचाच आहे ना," हे त्याचं कारण.

साबणाचं पाणी करून ब्रशने एकेक जोड भिजवला. होजच्या क्लिपा कोरड्या निघाल्या. बाटल्याच्या व्हॉल्व्हमध्ये रेग्युलेटर जिथे बसतो त्या नटाच्या मागच्या बाजूने, भिंतीकडच्या अंगाला, बारीक फेस चढत होता. समोरून बघणाऱ्याला तो दिसलाच नसता. नट उघडल्यावर आतल्या गोल बसकेवर एक तिरका ओरखडा दिसला. कुणीतरी कधीतरी घाईत पान्याने आवळताना पडलेला. रेग्युलेटरचा तेवढा भाग बदलला, आणि रात्री मुख्य व्हॉल्व्ह बंद करण्याचं काम मिस्त्रींनी स्वतःकडे घेतलं.

जाता जाता एक गोष्ट, जी मालकांना मी पैशाच्या हिशेबापेक्षा गंभीरपणे सांगितली. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड. वास नाही, रंग नाही. पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये रात्रभर ३०० लिटर गेले तर कुणाला काही होत नाही. पण याच युनिटमध्ये टाकीच्या आत उतरून वेल्डिंग करतात, आणि टाकीत असा गळता जोड राहिला तर गॅस तळाशी साचतो, प्राणवायू वर ढकलला जातो, आणि आतल्या माणसाला गुदमरल्याची जाणीव व्हायच्या आधीच शुद्ध हरपते.

एजन्सीशी पुढे काय ठरलं? मालकांची इच्छा होती की चलनावर वजन लिहावं. एजन्सीने नकार दिला. शेकडो बाटले रोज तोलणं त्यांना परवडत नाही, आणि ते मला पटतं. मधला मार्ग निघाला तो वहीतला एक जादा रकाना. बाटला रात्रभर सावलीत ठेवायचा, सकाळी काटा आणि शेजारी तापमान लिहायचं, आणि १५ अंशांच्या वरच्या दर अंशामागे ०.७ बार वजा करायचे. उत्तर १४० किंवा त्याहून वर आलं तर सात क्यूब आले. १३० च्या खाली आलं तर बाटला भंगारवाल्याच्या काट्यावर. मधल्या पट्ट्यात दोष गेजचाही असू शकतो, तिथे लागोपाठच्या बाटल्यांचा कल बघायचा. १४० हा आकडा मालकांना आधी खटकला, कारण डोक्यात १५० बसलेले. पण अणूंची ओढ दाब कमी ठेवते म्हणूनच सात क्यूब आर्गन १५० च्या आत मावतो.

मुलीने विचारलं की मग तिचं सूत्र कुठल्या बाटल्याला चालेल. योगायोगाने त्याच महिन्यात एका औषध कंपनीने टाक्यांची गळती हेलियमने तपासून मागितली आणि शेडमध्ये हेलियमचा तपकिरी बाटला आला. हेलियमच्या अणूंची आपसातली ओढ नगण्य, त्यांच्या आकाराचाच काय तो परिणाम. त्यामुळे तोच दाब असताना बाटल्यात आर्गनपेक्षा कमी हेलियम मावतो. ५० लिटर आणि २०० बारच्या बाटल्यात आर्गन सुमारे १०.७ घनमीटर, हेलियम ९.१. वजनाचा उपाय इथे निकामी, कारण आपल्या ४६.७ लिटरच्या बाटल्यात सगळा मिळून हेलियम किलोभराच्या थोडासा वर, आणि शंभर ग्रॅमच्या काट्यावर तो तोलणं म्हणजे दहा टक्क्यांची चूक पदरात घेणं. मात्र दाब एका अंशाला अर्ध्या बारने सरकतो, सूत्र सांगतं तेवढाच. हेलियमसाठी वहीत वेगळं पान केलं आहे, आणि तिथे ०.७ ऐवजी ०.५ वजा करतात.